बंदुकीचा परवाना आणि बचावाचा हक्क

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाड्या-वस्त्यांवरील चोऱ्या आणि दरोडे यांविषयी आपल्या दैनिकात सध्या जी वाचकपत्रे येत आहेत, त्यांपैकी बहुतेकांचा रोख एकाच मागणीकडे आहे. पोलीस ठाणे दूर असते, रात्री फोन लागला तरी गाडी यायला वेळ लागतो, तेव्हा शेतात वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबांना बंदुकीचे परवाने सढळ हाताने द्यावेत, असे ही पत्रे सांगतात. जोडीला, घरात शिरलेल्या चोराला मारले तर चोर सुटतो आणि घरमालक आत जातो, असा कायद्याविषयीचा एक ठाम समजही त्यांतून व्यक्त होतो. मी तालुका व जिल्हा न्यायालयांत फौजदारी वकिली करतो. वस्तीवरच्या माणसाची भीती खोटी नाही, हे मी जाणतो. परंतु परवान्याची मागणी आणि कायद्याविषयीचा हा समज यांची जी गल्लत या पत्रांत झाली आहे, ती एखाद्या कुटुंबाला उद्या फार महागात पडू शकते, म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र.

हत्यार जवळ बाळगावे की नाही, हा विषय शस्त्र अधिनियम, १९५९ चा आहे. हल्ला झाला असता त्याचा प्रतिकार किती करावा, हा विषय दंडविधानाचा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेची कलमे ९६ ते १०६ हीच आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलमे ३४ ते ४४ म्हणून आली आहेत आणि त्यांचा आशय जवळजवळ जसाच्या तसा राहिला आहे. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर गेल्या सत्तर वर्षांत दिलेले निवाडे आजही तितकेच लागू पडतात. हे दोन्ही कायदे एकमेकांवर अवलंबून नाहीत. खिशात परवाना आहे म्हणून कोणावर गोळी झाडण्याचा जादा अधिकार मिळत नाही आणि परवाना नाही म्हणून जीव वाचवण्याचा हक्क जात नाही. बेकायदा गावठी कट्ट्याने कोणी खरोखर स्वतःचा जीव वाचवला, तर तो खुनाच्या आरोपातून सुटेल. कट्टा बाळगल्याची शिक्षा मात्र त्याला स्वतंत्रपणे भोगावी लागेल. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत तर केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू ‘शस्त्र’ नव्हेत असे स्पष्ट म्हटले आहे आणि उदाहरण म्हणून लाठीचे व साध्या काठीचे नाव घेतले आहे. दाराच्या कोपऱ्यात उभी असलेली काठी बाळगायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता हक्काची व्याप्ती. लोक समजतात त्यापेक्षा ती पुष्कळ मोठी आहे. स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्याही शरीराच्या रक्षणासाठी हा हक्क वापरता येतो. शेजारच्या वस्तीवर हल्ला झाला असता धावून जाणाऱ्यालाही तो आहे. हल्ल्यामुळे मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती वाटत असेल, बलात्काराचा अथवा अपहरणाचा हेतू असेल, ॲसिड फेकले जात असेल किंवा फेकण्याचा प्रयत्न होत असेल, तर हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क जातो. ॲसिडहल्ल्याचा समावेश २०१३ च्या दुरुस्तीने झाला. हल्लेखोर दारूच्या नशेत असला किंवा वेडाच्या भरात असला, तरी हक्क कमी होत नाही. पहिला घाव अंगावर पडेपर्यंत थांबण्याची गरज नाही, कारण हक्क सुरू होतो तो धास्तीपासून, जखमेपासून नव्हे. जीव धोक्यात असताना पळून जाणे शक्य होते, मग का पळाला नाहीस, असेही कायदा विचारत नाही. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या निवाड्यांचे सार काढताना हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. हल्लेखोराच्या हाती लाठी आणि बचाव करणाऱ्याच्या हाती भाला, तेवढ्यावरून बचाव प्रमाणाबाहेर गेला असेही म्हणता येत नाही. देव नारायण विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात नेमका हाच प्रश्न होता आणि डोक्यावर नेम धरून येणारी लाठीसुद्धा जीवघेणी असते, हे न्यायालयाने मान्य केले.

या विषयावरचा मला सर्वांत उपयुक्त वाटणारा निवाडा १९५२ चा आहे. फाळणीनंतरच्या अस्वस्थ दिवसांत, मार्च १९५० मध्ये, कटनी येथे सिंधी निर्वासित आणि स्थानिक मुसलमान यांच्यात दंगल उसळली. अमजद खान नावाच्या दुकानदाराच्या दुकानाला लागूनच त्याच्या भावाचे दुकान होते. जमावाने भावाचे दुकान फोडून लूट सुरू केली. दोन्ही जागांमधल्या भिंतीतील भगदाडातून अमजद खानची आई धावत आली आणि लुटारू आत घुसल्याचे तिने सांगितले. बाहेर जमाव त्याच्याही दारावर लाठ्या मारत होता. अमजद खानने आपल्या बंदुकीतून दोन गोळ्या झाडल्या; एकजण ठार झाला आणि तिघे जखमी झाले. खालच्या न्यायालयात तो दोषी ठरला आणि त्या वेळच्या नागपूर उच्च न्यायालयातही त्याला दिलासा मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयात निवाडा लिहिला तो न्या. विव्हियन बोस यांनी, म्हणजे नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेल्या गृहस्थांनी. शेजारचा भाग फोडून जमाव आत आलेला, बायकामुले घरात आणि आपले दार लाठ्यांनी हादरत असलेले, अशा स्थितीतील माणसाने दार तुटून लोक प्रत्यक्ष आत येईपर्यंत वाट पाहावी, अशी अपेक्षा कायदा करत नाही आणि त्याने उचललेले पाऊल नंतर शांत बसून सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही, असे सांगून न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. दंगलीच्या वातावरणात, अल्पसंख्य समाजातील आरोपीला, जमावातील माणूस मेला असताना मिळालेला हा निकाल आहे. चोराला मारले तर आपणच आत जातो असे म्हणणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

मात्र, त्याच निवाड्यातील एक गोष्ट दुर्लक्षिली जाते. गोळ्या दोन होत्या आणि त्या झाडल्या तेव्हा दारावर लाठ्या पडत होत्या. जमाव पांगल्यानंतर, तो पाठ फिरवून निघाल्यानंतर त्याच दोन गोळ्या झाडल्या असत्या, तर निकाल वेगळा लागला असता, हे मी केवळ अंदाजाने सांगत नाही. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, जय देव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात असा प्रसंग सर्वोच्च न्यायालयापुढे आला. शेताच्या ताब्यावरून गावकऱ्यांशी झुंज झाली; शेतात असलेल्या पक्षाला बचावाचा हक्क होता, हे न्यायालयाने धरून चालले. परंतु चाल करून आलेले लोक पळत सुटल्यानंतर, दूर गेलेल्या माणसांवर नेम धरून गोळ्या झाडण्यात आल्या. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या त्या निवाड्यात, गावकरी पळू लागले त्या क्षणी हक्क संपला आणि पुढचे सर्व खून होय, असे म्हटले आहे. सकाळी हक्क होता म्हणून दुपारी उरत नाही. दारात होता म्हणून बांधावर उरत नाही.

मालमत्तेच्या बाबतीत तर ही रेघ आणखी बारीक आहे आणि वस्तीवरच्या माणसाचा बहुतेक वेळा संबंध येतो तो हिच्याशी. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतील घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या इमारतीला आग लावणे आणि ज्यामुळे जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती वाटेल अशी चोरी, आगळीक (मुद्दाम केलेली नासधूस) अथवा घरातील घुसखोरी, एवढ्याच प्रसंगी मालमत्तेसाठी कोणाचा मृत्यू घडवण्यापर्यंत जाता येते. प्रत्यक्षात याचा अर्थ असा. रात्री दोन वाजता कडी उचकटून आत आलेला माणूस आणि विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेणारा माणूस कायद्याच्या नजरेत सारखे नाहीत. पहिल्याविरुद्ध तुमचा हक्क शेवटच्या टोकापर्यंत जातो. दुसऱ्याला हुसकावता येईल, धरता येईल, गरज पडल्यास काठीचा फटकाही देता येईल, पण केबलसाठी त्याचा जीव घेता येणार नाही, जोवर तो उलट कोयता घेऊन अंगावर येत नाही. अंगणात बांधलेल्या शेळ्या सोडून नेणाऱ्याचेही तेच. कांद्याच्या चाळीला आग लावणारा, माझ्या वाचनाप्रमाणे, पहिल्या वर्गात बसेल, कारण चाळ ही माल ठेवण्याची इमारत आहे. उघड्यावरची कडब्याची गंजी पेटवणारा बसेलच असे नाही. शेतकऱ्याला या भेदांचा राग येतो. एका कुटुंबाला गंजी आणि चाळ यांतला फरक समजावून सांगताना मी स्वतःही ओशाळलो आहे, कारण जनावरांचा वर्षभराचा चारा जळताना पाहणाऱ्याला इमारतीची व्याख्या ऐकवणे बरे वाटत नाही. तरीही, केबलसाठी किंवा शेळीसाठी माणूस मारण्याची मुभा कायद्याने द्यावी, असे मला वाटत नाही. ती दिली तर पहिल्यांदा मरतील ते बांधावरून रात्री चालत जाणारे ऊसतोड मजूर, मेंढपाळ आणि पालावरचे लोक.

रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हा मोठा हक्कसुद्धा घरात घुसखोरी चालू असेपर्यंतच टिकतो. चोर खिडकीतून उडी मारून उसात पळाला, की त्याचा पाठलाग करता येतो, त्याला पकडता येते, चोरलेला ऐवज त्याच्याकडून परत घेता येतो. पण पाठीत गोळी घालता येत नाही किंवा गाठून त्याची हाडे मोडता येत नाहीत. हक्क होता पण प्रमाणाबाहेर वापरला, असे सिद्ध झाले आणि तो सद्भावाने, जादा इजा करण्याचा हेतू न धरता वापरलेला असला, तर गुन्हा खुनावरून सदोष मनुष्यवधावर येतो. हक्कच संपलेला असताना मारले, तर तीही सवलत मिळत नाही.

गस्त घालणाऱ्या तरुण मंडळींनी या ठिकाणी थोडे थांबून विचार करावा, अशी माझी विनंती आहे. २०२४ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात पुणे, अहिल्यानगर, बीड, जालना या भागांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी आणि अफवांनी गावेच्या गावे काठ्या घेऊन जागत होती, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. गस्त घालणे गैर नाही. ग्रामरक्षक दलाची तरतूद राज्याच्या पोलीस अधिनियमातच आहे. अनोळखी माणूस डोळ्यांदेखत गंभीर, अजामीनपात्र आणि दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा करताना आढळला, तर सामान्य नागरिकही त्याला अटक करू शकतो. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्याला विनाविलंब, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. ही सहा तासांची मर्यादा नवी आहे आणि गस्तीवरच्या फारच थोड्यांना ती माहीत असते. केवळ संशयावरून अटक करण्याचा अधिकार या कलमात नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जे घडले, त्याचा बचावाशी काडीचाही संबंध नव्हता. मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारण्यात आले. त्यांच्याजवळ मूल नव्हते, हत्यार नव्हते आणि खोलीत कोंडलेल्या माणसांपासून बाहेर उभ्या असलेल्या शेकडो लोकांना कसला धोका होता, याचे उत्तर कोणाजवळ नाही. नागपूरच्या कस्तुरबानगरातील अक्कू यादव या गुंडाचे प्रकरण याहून अवघड आहे, कारण तेथे वस्तीने वर्षानुवर्षे सोसले होते आणि पोलिसांनी दाद दिली नव्हती. परंतु १३ ऑगस्ट २००४ रोजी न्यायालयाच्या आवारात वस्तीतील स्त्रियांच्या जमावाने त्याला मारले, तेव्हा तो पोलिसांच्या ताब्यात होता. २०१४ मध्ये आरोपी सुटले ते पुराव्याअभावी. त्यांची कृती कायद्याने बचाव ठरली, असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही. त्या स्त्रियांविषयी मला सहानुभूती आहे आणि तरीही हे लिहिणे भाग आहे, कारण व्याख्याने देणारी मंडळी हे उदाहरण सर्रास बचावाच्या हक्काचे म्हणून सांगतात.

आणखी एका प्रकाराविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण त्यात माणसे बंदुकीपेक्षा किती तरी सहजपणे मरतात. रानडुकरांसाठी म्हणून, कधी चोरांसाठी म्हणून, शेताच्या कुंपणात वीज सोडतात. आकडा टाकून उघडी तार खांबाखांबाला गुंडाळली, की आपल्या जिवाला धोका न होता राखण होते, असा हिशोब असतो. त्या तारेला रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी लागतो, कधी घरचाच मुलगा लागतो. मग आमच्यासारख्या वकिलाकडे येऊन लोक म्हणतात, साहेब, आमच्या शेतात आम्ही काहीही करू, तो आमच्या हद्दीत आला कशाला? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात दिलेले आहे. आरोपीच्या शेजारी राहणाऱ्या एका कुटुंबाच्या शौचकूपाची भिंत पडली, म्हणून ती माणसे याचा शौचकूप वापरू लागली. याला ते आवडले नाही. सांगून ऐकत नाहीत म्हणून त्याने वाटेत तांब्याची उघडी तार बांधून तिच्यात वीज सोडली आणि त्या घरातील स्त्री तार लागून मेली. त्याचे म्हणणे असे की, ती घुसखोर होती आणि माझी मालमत्ता राखण्याचा मला हक्क आहे. न्यायालयाने सांगितले की, घुसखोर झाला म्हणून माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही आणि त्याला इजा व्हावी अशा बेताने सापळा लावणे मालकाला माफ नाही. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दलची त्याची शिक्षा कायम झाली. बचाव करणारा माणूस निदान समोर कोण आहे हे पाहतो, ओरडतो, थांबू शकतो. तार यांपैकी काहीच करत नाही. आज अशा प्रकरणांत केवळ हयगयीचेच नव्हे, तर सदोष मनुष्यवधाचेही कलम लावले जाते आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

जनावरांचा उल्लेख आलाच आहे तर तेही सांगतो. जुन्नर, संगमनेर, अकोले पट्ट्यात रात्रीच्या पाळीला मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला चोरापेक्षा बिबट्याची धास्ती जास्त असते. अंगावर आलेल्या वन्यप्राण्याला स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावाने मारले, तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे तो गुन्हा होत नाही. पिकासाठी किंवा वासरू नेले म्हणून मागाहून मारले, तर मात्र होतो.

आता परवान्याकडे वळतो. शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही आणि हे अनवधानाने झालेले नाही. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याविषयी राष्ट्रीय चळवळीत मोठा संताप होता आणि कराचीच्या १९३१ च्या काँग्रेस अधिवेशनातील ठरावात नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क घातलेला होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत तो मूलभूत हक्कांत समाविष्ट करण्याची दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही आणि ती नामंजूर झाली. संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये शस्त्रांचा जो उल्लेख राहिला, तो शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याच्या स्वातंत्र्यात.

तरीही परवाना मागण्याचा मार्ग बंद नाही आणि लोकांना जेवढा तो श्रीमंतांचा वाटतो, तेवढा कायद्यात तो नाही. केवळ अर्जदाराच्या नावावर पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही, असे शस्त्र अधिनियमाचे कलम १४ सांगते; नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपील करता येते. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद कलम १३ मध्ये आहे व कोकणात असे परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. शेवटच्या तरतुदीची आपल्याकडे गरज आहे, हे वऱ्हाडात गेलेल्या कोणालाही पटेल. परवानाधारकांचे एक गाऱ्हाणे मात्र मला रास्त वाटते. निवडणूक लागली की सरसकट सगळ्यांना बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात. वास्तविक निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करून कोणाचे शस्त्र जमा करायचे ते ठरवायचे असते.

पण समजा, उद्या वस्तीवरच्या प्रत्येक घरात बंदूक आली. बंदूक मुलांच्या हाती लागू नये म्हणून कुलपात ठेवावी लागेल, काडतुसे वेगळी ठेवावी लागतील. दरोडेखोर पाच-सहा असतात, कुत्र्यांना आधी काहीतरी खायला घालतात, बाहेरून शेजारच्या घरांच्या कड्या लावतात आणि मग एका घरावर येतात. झोपेतून उठलेल्या माणसाला तेवढ्या वेळात पेटीची किल्ली सापडणे, काडतूस भरणे आणि अंधारात घरच्यांना सोडून नेमका परका माणूस ओळखणे, हे मला फारसे शक्य वाटत नाही. शिवाय घरात बंदूक आहे हे गावाला माहीत असते, त्यामुळे चोरी करण्याजोगी आणखी एक वस्तू घरात येते. आणि बांधावरून, वाटपावरून, पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदांत होणाऱ्या भांडणांत आज निघते ती कुऱ्हाड किंवा कोयता; तेथे बंदूक निघाली तर काय होईल, याचा हिशोब या पत्रांत कोणी मांडलेला नाही. माझ्यापुढे येणाऱ्या खुनाच्या खटल्यांत मारणारा आणि मेलेला हे बहुतांशी एकमेकांना नावाने ओळखणारे असतात.

लोकांवर खरा अन्याय होतो तो वेगळ्या जागी, आणि त्याविषयी मात्र कोणीच लिहीत नाही. बचावाचा हक्क सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. हा भार हलका आहे. सरकार पक्षाप्रमाणे निःसंशय सिद्ध करावे लागत नाही, बचावाची बाजू अधिक संभाव्य आहे एवढे दाखवले तरी पुरते. आरोपीने तोंडाने हा मुद्दा मांडला नसला, तरी सरकारी साक्षीदारांच्या जबान्यांतून तो दिसत असेल, तर न्यायालयाने त्याचा विचार करायचा असतो. पण दिसण्यासाठी तो कोठेतरी नोंदलेला तर असला पाहिजे! हाणामारीत एकजण मेला, की मेलेल्याच्या बाजूची फिर्याद आधी लिहिली जाते आणि जिवंत राहिलेला आरोपी होतो. घाबरलेला माणूस ठाण्यात सांगतो की, मी तिथे नव्हतोच, आणि त्या एका खोट्या वाक्याने स्वतःचा सर्वांत चांगला बचाव घालवून बसतो.

मी चालवलेल्या एका खटल्यात आरोपीच्या डाव्या हाताचे हाड मनगटाच्या वर मोडलेले होते. डोक्यावर येणारा घाव अडवायला हात वर केला की हाड मोडते ते साधारण तेथेच. अटकेच्या पंचनाम्यात मात्र, अंगावर जखमा नाहीत, तक्रार नाही, असे छापील वाक्य होते. हाताला प्लास्टर घातले गेले ते पुढे कारागृहाच्या डॉक्टरांनी पाहिल्यावर, आणि तोपर्यंत ती जखम नेमकी कधीची, यावर सरकारी वकिलांना बोलायला भरपूर जागा मिळाली होती. आरोपीच्या अंगावरील जखमांचा खुलासा करणे ही सरकार पक्षाची जबाबदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या १९७६ च्या निवाड्यात सांगितले आहे. जखम कागदावर आलीच नाही, तर खुलासा कोण कोणाकडे मागणार?

म्हणून, परवान्यांच्या मागणीत जी शक्ती खर्च होत आहे ती वाचकांनी पुढील गोष्टींकडे वळवावी, असे मला सुचवावेसे वाटते. वस्तीवर दिवा, मजबूत दार, शेजाऱ्यांचे फोन आणि ११२ या क्रमांकावर केलेल्या फोनची वेळ, या गोष्टी दरोड्याच्या रात्री तर उपयोगी पडतातच, शिवाय पोलिसांना बोलावले होते पण ते येईपर्यंत थांबणे शक्य नव्हते, हे पुढे न्यायालयात त्यांच्यावरूनच दाखवता येते; पोलिसांकडे दाद मागायला वेळ असताना हक्क नाही, असे कायदा म्हणतो, तेव्हा त्या फोनची नोंद हा मोठा पुरावा होतो. पोलीस पाटलांच्या प्रशिक्षणात आणि ग्रामसभेत या कलमांची माहिती साध्या मराठीत दिली जावी. आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांनी एवढा एक लेखी आदेश काढावा की, हाणामारीच्या प्रत्येक गुन्ह्यात दोन्ही बाजूंच्या माणसांची वैद्यकीय तपासणी पहिल्या चोवीस तासांत व्हावी, अटक झालेल्याच्या अंगावरील प्रत्येक जखम लांबी-रुंदीसह नोंदवली जावी, तुटलेल्या कडीकोयंड्याचा व दाराचा पंचनामा फोटोसह व्हावा आणि घरमालकाची उलट फिर्याद असल्यास ती त्याच दिवशी घेतली जावी. या आदेशासाठी कायद्यात बदल करावा लागत नाही.

आपला विश्वासू,
फौजदारी वकिली करणारा एक वाचक,
जि. अहिल्यानगर